वाघझरीची ब्याण्णव टक्के बचत

पाथर्डी तालुक्यातल्या वाघझरीला शाश्वत करायची जबाबदारी विद्यापीठानं राजेश्वरीवर टाकली आणि त्यासाठी तिला सहा महिन्यांची फेलोशिप दिली. गाव तसं तीन-चारशे वर्षं टिकून होतं, पण विनापरवाना. फेलोशिपचा नियम साधा होता. गावातला पाणी, वीज आणि सरपणाचा वापर वीस टक्क्यांनी खाली आला पाहिजे. आला तर प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नाही तर एम.एस.डब्ल्यू.ची पदवी नाही, आणि पदवी नाही तर घरच्यांनी नेवाशाचं स्थळ बघून ठेवलेलंच होतं.

दसऱ्याच्या सुमारास राजेश्वरीनं घरोघर फिरून मोजणी केली. हंडे मोजले, बल्ब मोजले, मोळ्या मोजल्या. दिवाळी झाली आणि गाव ऊसतोडीला निघून गेलं. कुणी कोपरगावकडं, कुणी थेट कोल्हापूरला. मागं उरली अकरा म्हातारी माणसं आणि कुत्री. दरसाल हेच होतं, फक्त फेलोशिपच्या वेळापत्रकाला कुणी कळवलं नव्हतं.

तिनं रडकुंडीला येऊन मार्गदर्शक अमृत सरांना फोन लावला.

"सर, गावात माणसंच नाहीत."

"फॉर्मात माणसांचा रकाना आहे का?"

"नाही सर. वापराचा आहे."

"मग कशाला नसत्या भानगडीत पडतेस? वापर मोज."

मोजला. बचत भरली ब्याण्णव टक्के. कारणाला तीन पर्याय होते: जनजागृती, तंत्रज्ञान, वर्तनबदल. 'गाव निघून गेलं' हा पर्याय नव्हता. वर्तन बदललं होतं हे काही खोटं नव्हतं. राजेश्वरीनं तिथं टिक केली.

विद्यापीठ हरखून गेलं. 'वाघझरी मॉडेल' असं बारसंही उरकलं आणि लाभार्थींच्या मुलाखती मागवल्या. राजेश्वरी चांगुणाआजीच्या ओट्यावर जाऊन बसली.

"आजी, सरपण एवढं कमी कसं केलंत?"

"खानारी तोंडं गेली फडावर. एकटीसाठी चूल किती डाव फुकायची? सकाळची भाकर सांजच्याला बी चालती."

राजेश्वरीनं लिहिलं: 'ज्येष्ठ महिलांनी एकवेळ-चूल संकल्पना स्वेच्छेनं स्वीकारली.'

"आन् हे बी लिही," आजी म्हणाली, "नातवाचं तोंड दिसंना म्हनावं."

त्याला रकाना नव्हता.

मार्चअखेर समिती आली. अध्यक्षांनी मोकळ्या गल्लीकडं कौतुकानं पाहिलं.

"काय शिस्त आहे. रस्त्यावर चिटपाखरू नाही."

"घराबाहेर पडतच नाहीत, सर," अमृत सर म्हणाले. "कार्बन."

तेवढ्यात वेशीतून ट्रक आत आला. मागोमाग दुसरा. पत्र्याच्या पेट्या, पातेली, शेळ्या, लेकरं आणि पेट्यांवर बसलेली मोठी माणसं. उतरली ती थेट हापशावर. दहा मिनिटांत तीन चुली धुरायला लागल्या आणि मॉडेल डोळ्यांदेखत ढासळलं.

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

राजेश्वरीच्या डोळ्यांपुढून प्रमाणपत्र गेलं. त्याच्या मागं नेवाशाचं स्थळ येऊन उभं राहिलं.

"पाहुणे आहेत, सर."

चांगुणाआजीचा मुलगा श्रीमंत खांद्यावर बोचकं घेऊन तिथंच उभा होता. त्याच्या घरातले हंडे याच बाईनं दसऱ्याला मोजले होते. तो तिच्याकडं बघत राहिला. तिनं मान खाली घातली आणि फाईल चाळायला लागली.

"व्हय साहेब," श्रीमंत म्हणाला, "पाव्हनेच. सा महिने तिकडं कारखान्यावर पाव्हने, सा महिने हितं. आता घर कुठलं, ते तुमीच एकदा फॉर्मात लिवा."

अध्यक्षांनी लगेच टिपून घेतलं. शिफारस अशी झाली: 'पाहुण्यांचा मुक्काम शक्यतो टाळावा. गाळप हंगाम बारा महिन्यांचा करता येईल का, याबाबत कारखान्यांशी विचारविनिमय व्हावा.'

आजीनं आल्यागेल्याला देतात तसा सगळ्यांना कोरा चहा दिला. अध्यक्षांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर जरा कमी वाटते."

श्रीमंतनं डबा पुढं सरकवला. "घ्या की. आमी काय कमी तोडलाय व्हय?"

राजेश्वरीला प्रमाणपत्र मिळालं. पुढच्या वर्षी हेच मॉडेल आणखी चाळीस गावांत जाणार आहे. अहवाल विद्यापीठाच्या वेबसाईटवर आहे. वाचायला सात मिनिटं लागतात, तेवढ्यात एक कप चहा सहज होतो. साखर आपापल्या आवडीनं घ्यावी.