उत्पला एकदोनतीन

रिनाच्या दुकानात राऊटर बरोबर झोळीच्या वर टांगलेला होता, आणि तो मुद्दामच तिथे टांगलेला होता. त्याचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले की झोळीतलं दीड महिन्याचं लेकरू मूठ तोंडात घालून त्यांच्याकडे बघत राही. झोळीची दोरी रिनाच्या पायाच्या अंगठ्याला, दोन्ही हात कीबोर्डवर. आरमोरीत तलावाकडे जाणाऱ्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत तिचं ऑनलाइन सेवा केंद्र असं चाले. एका पायानं पोरगी, दोन हातांनी सातबारे.

पोरीला अजून नाव नव्हतं. म्हणजे होतं, पण ते दोघींनाच ठाऊक होतं: रिनाला आणि नागभीडला दिलेल्या तिच्या नणंदेला, मैनाला. नाव ठेवायचा मान आत्याचा. मैनाच्या घरचं धान निघालं की येत्या रविवारी नामकरण, आणि तोवर ते कोणाच्या कानावर पडता कामा नये. थोरल्याच्या वेळी रिनाच्या नवऱ्यानं, नागसेननं, नाव आदल्या दिवशीच चहाच्या टपरीवर सांगून टाकलं होतं. मैनानं आणलेलं झबलं तसंच पिशवीत कोंबलं, न जेवता बस पकडली आणि पुढचं वर्षभर माहेरचा फोन उचलला नाही. त्यामुळे यंदा नागसेनला नाव सांगितलेलंच नव्हतं.

"बापाले काऊन नाई सांगत?" तो रोज विचारी.

"तू बाप नाई, टपरी आहेस," असं बहिणीनं फोनवरून कळवलं होतं.

बुधवारी सकाळी कंपनीचा मेसेज आला. छोट्या दुकानांतल्या जुन्या राऊटरमधून बाहेरची माणसं आत शिरताहेत, लोकांचे आधार नंबर चोरताहेत. राऊटरसोबत आलेला पासवर्ड ताबडतोब बदला. शुक्रवारी माणूस तपासायला येईल. राऊटर उघडा सापडला तर केंद्राची आयडी बंद.

रिनानं दाराबाहेर पाहिलं. तिथे रुखमाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी पाण्याचा रांजण ठेवला होता. आणि रांजणाच्या वर, भिंतीवर, खडूनं ठळक अक्षरांत वायफायचा पासवर्ड लिहिलेला होता. राऊटरच्या बुडाच्या चिठ्ठीवरून जसाच्या तसा उतरवून.

"आई, हे पुसा लागते."

"काऊन व? तहानलेला मानूस पानी पेते, मंग घडीभर बसून मोबाईल पाह्यते. तुहं काय जाते?"

"माही आयडी जाते."

रुखमाबाईंनी भिंत पुसली, पण रांजणच उपडा करायला सांगितल्यासारखं तोंड करून.

आता नवा पासवर्ड. मेसेजमध्ये लिहिलं होतं, इतर कोणालाही माहीत नसलेली गोष्ट ठेवा. रिना विचार करत बसली. लग्नाची तारीख? साऱ्या गल्लीनं जेवण केलेलं. मोबाईल नंबर? दुकानाच्या पाटीवर. या गल्लीत कोणाच्या चुलीवर आज कोणती भाजी आहे हेसुद्धा भाजी शिजायच्या आधी कळायचं. कोणालाच माहीत नसलेली अशी गोष्ट घरात एकच होती, आणि ती या क्षणी झोळीतून एक पाय बाहेर काढून राऊटरकडे बघत होती.

रिनानं टाइप केलं: उत्पला. राऊटरला ते आखूड वाटलं, आकडेही पाहिजेत म्हणाला. तिनं पुढे एकदोनतीन जोडलं. राऊटरचे दिवे विझले, लेकरानं टाहो फोडला. दिवे लागले, लेकरू गप्प झालं. एवढ्या सुरक्षित पासवर्डचं रिनाला फार समाधान वाटलं. रुखमाबाईंच्या मोबाईलमध्येही तिनं तो घालून दिला, कारण दुपारी नाटकांचे व्हिडिओ पाहिल्याशिवाय त्यांना झोप येत नसे.

गुरुवारी शेजारच्या बुधरीबाई दाखल्याचे कागद घेऊन आल्या. येताच सवयीनं झोळीला झोका दिला.

"काय करून राह्यली व उत्पला?"

रिनाच्या अंगठ्याची दोरी सुटली.

"बुधरीबाई! हे नाव तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनं म्हंजे? गुरपवर आलं ना कालच. पन एक सांग मले, उत्पला समजलं. एकदोनतीन कायचं? तुमचं आडनाव तर अलग आहे."

चौकशीला वेळ लागला नाही, कारण गुन्हेगार समोरच्याच किराणा दुकानात साखर मोजत होता.

"माही काय चुकी?" धनराजभाऊ कागदाची पुडी बांधत म्हणाले. "भिंतीवरचं पुसलं म्हनून म्या रुखमाबाईले विचारलं. त्या म्हनाल्या, मले वाचता नाई येत बापा, माह्या मोबाईलमधून काढून घे. मोबाईलमधी तो स्कॅन कराचा चौकोन येते, त्याच्याखाली पासवर्ड लिहून. आता दर मानसानं म्हतारीचा मोबाईल मागाव हे बरं दिसते काय? म्या फोटो काढला, गुरपवर टाकला."

गल्लीचा ग्रुप जुना होता, आणि कामाच्या घाईत रिना तो क्वचितच उघडी. तलावात टाकलेल्या खड्यासारखा, एकदा आत गेलेला माणूस सहसा बाहेर येत नसे.

"पन ते पोरीचं नाव आहे हे कसं समजलं?"

"त्यात काय," बुधरीबाई म्हणाल्या. "उत्पला म्हंजे कमळ. बुद्धविहारात आयकलं होतं. तुह्या घरात नाव लपवून ठेवलेली एकच जन आहे. मीच सांगतलं साऱ्याइले."

रिना मटकन बाकावर बसली. आयडी गेली तर अर्ज करून परत येते. मैनाताई रुसून गेल्या तर? थोरल्याचं ते झबलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं, पण त्याचा पिवळा रंग पिशवीच्या तोंडातून दिसला होता, आणि तो अजून तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. झोळीतली उत्पलाही आईला साथ द्यावी म्हणून रडू लागली.

"रडू नोको व," धनराजभाऊ गडबडले. "म्या बांधलं, मीच सोडतो." आणि त्यांनी तिथल्या तिथे ग्रुपवर लिहिलं: मैनाबाईले कोनीच सांगू नोका. रविवारी नाव आयकल्यावर साऱ्यानं पहिल्यांदा आयकल्यासारखं कराचं.

ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. संध्याकाळपर्यंत गल्लीत तालमी सुरू झाल्या. बुधरीबाई भांडी घासताना "अगं माय, किती सुंदर नाव!" असं तीन तऱ्हांनी म्हणून पाहत होत्या.

शुक्रवारी तपासणीचा माणूस आला, चंद्रपूरचा कुलदीप. तो बाकावर बसला, कोणाला काही न विचारता आपला मोबाईल काढला आणि म्हणाला, "मॅडम, वायफायचा पासवर्ड बदलला हे चांगलं केलं. पण राऊटरची सेटिंग उघडायच्या पासवर्डला तुम्ही हातच लावला नाही. तो अजून ॲडमिनच आहे. साऱ्या दुनियेला माहीत आहे. हे बघा, मी आत आलो. आता इथं लिहिलेलं दिसते मला, उत्प..."

"शूऽऽऽ!"

बाकावरची पाची माणसं, रुखमाबाई आणि दाराशी पाणी पीत उभा असलेला एक वाटसरूसुद्धा एकदम ओरडले. कुलदीपनं घाबरून मोबाईल खाली ठेवला.

"एवढी सिक्युरिटी मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिली नाही," तो म्हणाला.

मग त्यानं राऊटरची एकेक फट बुजवली. बाहेरून शिरायची वाट बंद केली, आतलं जुनं सॉफ्टवेअर नवं केलं. तेवढा वेळ दिवे बंद होते, म्हणून मोबाईलचा टॉर्च हलवत रुखमाबाईंनी नातीला रमवलं. कुलदीपनं सेटिंगला आणि दुकानाच्या नेटला अर्थ नसलेले लांबलचक पासवर्ड घातले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी वेगळं नेट काढून दिलं. त्यातून दुकानाच्या कागदांपर्यंत कोणी पोचू शकत नाही म्हणाला. "रविवारनंतर याचा पासवर्ड खुशाल भिंतीवर लिहा आजी. फक्त दर तीन महिन्यांनी बदलत जा."

"दर तीन महिन्याले?" रुखमाबाईंनी कपाळाला हात लावला. "दर तीन महिन्याले लेकरू कुठून आनाव बापा!"

आयडी वाचली. उरला रविवार.

मैना शनिवारी आली, नव्या तांदळाची गाठोडी आणि झबल्याची पिशवी घेऊन. गल्लीतून चालताना प्रत्येक दारातून तिला जरा जास्तच गोड नमस्कार झाला. धनराजभाऊंनी तर न मागता चहापत्ती दिली.

"काय झालं व वहिनी, सारे येवढे कायले हासून राह्यले?"

"तुमी आल्या म्हनून," रिना म्हणाली आणि पोळी करपवली.

रविवारी वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. अंगणात गल्ली दाटीवाटीनं बसली होती, आणि इतकी शांत होती की तलावावरची बदकं ऐकू येत होती. मैनानं पिवळं झबलं घातलेल्या भाचीला मांडीवर घेतलं, वाकून कानात हळूच नाव सांगितलं, मग मान वर करून मोठ्यानं म्हणाली, "उत्पला!"

आणि पाच दिवसांच्या सवयीनं अख्खं अंगण एका सुरात म्हणालं, "एकदोनतीन!"

बदकंसुद्धा थांबली. धनराजभाऊंनी टोपी तोंडावर ओढली. बुधरीबाईंचं तीन तऱ्हांचं "अगं माय" घशातच राहिलं. रिनानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांना नागभीडची बस दिसली.

तेवढ्यात रुखमाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी लेकीच्या पाठीत दणादण बुक्क्या घातल्या. "एक! दोन! तीन! हाव ना, आत्यानं नाव सांगतलं का साऱ्यानं आकडे मोजाचे, अन् तिले तीन बुक्क्या. आता आरमोरीत असंच करतेत."

"हाव हाव, असंच करतेत," अंगण म्हणालं.

मैनानं पाठ चोळली. एकदा सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. मग हसली. "आमच्याकडं तर दोनच मारतेत," ती म्हणाली आणि भाचीचा पापा घेतला. त्या दिवशी ती पोटभर जेवली, खीर दोनदा घेतली. नागसेननं मुलीच्या नावाचा पेढा तोंडात टाकत विचारलं, "मले येकट्यालेच मालूम नव्हतं काय?" पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिना मैनाला ऑटोपर्यंत सोडायला गेली. कडेवर उत्पला, पिवळ्या झबल्यात. मैनानं आत बसून पदर सावरला.

"वहिनी, धनराजभाऊले सांगजो. लगन होऊन मी नागभीडले गेली, पन गुरपमधून मले अजून कोनी काढलं नाई. काढू बी नोका म्हना. बुधवारपासून लय मजा आली."

ऑटो निघून गेला. रिना तशीच उभी राहिली, मग एका हातानं घाईघाईनं मोबाईल उघडला. ग्रुपच्या यादीत, बऱ्याच खाली, मैना होती. त्या नावाकडे बघत असतानाच मैनाचाच नवा मेसेज येऊन पडला:

"माय, पुढच्या बारी हळू मारजो."