वाकल्याशिवाय पाणी नाही

डोमाभाऊच्या झऱ्यावर उभ्याने पाणी पिता येत नसे. घरी न्यायला घागर चाले, पण तिथे प्यायचं तर चपला मोहाच्या झाडाखाली काढून, गुडघे टेकून, ओंजळीनेच. एकदा जंगल खात्याचे साहेब बुटांसकट वर आले आणि शिपायाला पेला भरायला सांगू लागले. डोमाभाऊ आडवा आला. "काऊन साहेब, कमरीले सरकारी शिक्का लागला काय? वाका ना!" साहेब वाकले. मीही पहिल्या दिवशी वाकलो होतो, आणि पँट चिखलाने बरबटली म्हणून दिवसभर चरफडत होतो.

नव्वदच्या दशकात मी एटापल्लीकडच्या त्या गावात मास्तर होतो. झरा गावामागच्या पहाडीवर. भर मे महिन्यातही बोटभर धार. तळ्यातले मासे मारून जगणारा डोमाभाऊ झऱ्यातला खेकडा मात्र कुणाला धरू देत नसे. "तो आपला इंजिनेर हाय. पान्याची वाट तोच साफ करते."

मग खरा इंजिनिअर आला. झऱ्याचं तोंड सिमेंटने बांधून नळ गावात आणायचा होता. बायका हरखल्या. निसरडी चढण, डोक्यावर दोन-दोन घागरी. का नाही हरखणार? डोमाभाऊ सरळ झऱ्याच्या तोंडावर जाऊन बसला.

"तोंड बांधलं का पानी दुसरी वाट धरते. मंग नळातून काय पिसान, हवा? टाकी खाली बांधा. याले हात नाई लावू देत."

"मंजुरी इथलीच आहे."

"मंग मलेबी सिमेंटात बांधा. त्याचीबी मंजुरी आना."

दोन दिवस तो कमरेपर्यंत भिजून, शिंकत बसला. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने पोती ट्रॅक्टरमध्ये भरली आणि सगळे निघून गेले.

मला त्याचा भयंकर राग आला. झरा वाचला, पण बायकांच्या डोक्यावरची घागर तशीच राहिली. त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साठी उलटलेला हा माणूस खांद्यावर कावड घेऊन गावात शिरला. आधी म्हाताऱ्यांची घरं, मग पोटुश्या बायांची. "घागर काढ वो बाई!" कुणी दार लावून घेतलं तर अंगणातलं भांडं भरून पुढे जायचा. पारावरचे गडी खिदळले, "डोमा बाईमानूस झाला रे!"

"झालो. तुमी मानसं कवा होता, ते सांगा."

महिना झाला तरी कावड थांबेना. शेवटी मी त्याला चढणीवर गाठलं. "भाऊ, तुमचा हट्ट पुरा झाला ना? आता कशाला मरता?"

त्याने कावड टेकवली. घाम पुसला.

"मास्तर, माही बाई तीस वर्सं हे चढन चढली. म्या एक घागर नाई उचलली. घरी आलो का पान्याचा गुंड भरलेला दिसे. ती गेली, अन् दुसऱ्या दिवशी गुंड रिकामा. तवा मले समजलं, आपल्या घरी पानी कुठून येत होतं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी कावडीला हात घातला.

"सोडा!" तो खेकसला. "तुमच्या घरीबी बाई हाय. तिची घागर उचला."

त्या संध्याकाळी मी बायकोच्या हातातली घागर मागितली. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.