आपण आलात तर आनंद

वेनिंगच्या प्रबंधातला आनंद तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नाहीसा झाला, आणि त्याला हाकलून लावणारे होते तिचेच मार्गदर्शक हर्जुनो सर, तिकडच्या बोलीत पाक हर्जुनो.

झालं असं की, इंडोनेशियन माणूस आनंदाबद्दल बोलताना कोणती रूपकं वापरतो ते वेनिंगला शोधायचं होतं. कोणाचं मन फुलतं, कोणी आभाळाला टेकतं. त्यासाठी तिने वर्तमानपत्रं, शाळकरी निबंध, हाती लागेल ते संगणकात कोंबलं. सालातिगातल्या तिच्या गल्लीने तर काचेच्या कपाटांत जपलेल्या लग्नपत्रिकांचे गठ्ठेच आणून दिले. सॉफ्टवेअरने 'आनंद' मधोमध ठेवून त्याचे शेजारीपाजारी दोन्ही बाजूंना मांडले, तेव्हा कळलं की त्याच्या शेजाराला 'येणं' ठाण मांडून बसलंय. म्हणजे आनंद हा दारात आलेला पाहुणा. वेनिंगने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं आणि पदवी पक्की असं आईला सांगूनही टाकलं.

"हा पाहुणा छापखान्यातला आहे," पाक हर्जुनो चष्मा पुसत म्हणाले. "'आपण आलात तर आमचा सन्मान आणि आनंद.' प्रत्येक पत्रिकेत हेच. मनापासून म्हणतं का कोणी हे? तेच ते वगळ."

तिने वगळलं, आणि पाहुणा औषधालाही उरला नाही. उरलेल्या किडूकमिडूक रूपकांवर परीक्षक भुलणार नव्हते. नापास झाली असती तर पदवीदानासाठी आईने हौसेने शिवून घेतलेला केबाया कपाटातच राहिला असता.

तिने रडवेल्या मनाने परीक्षेची बातमी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. पत्रिका टाइप करून करून बोटांना वळणच पडलं होतं. शेवटी आपसूक उमटलं, 'आपण आलात तर आमचा सन्मान आणि आनंद.' पाठवल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं.

गल्लीला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिथे हे वाक्य आलं, की बायका विळ्या-सुऱ्या घेऊन न सांगता कांदे चिरायला हजर होतात. गुरुवारी सकाळी भाड्याच्या गाड्या भरून बाटिकचे सदरे, पिवळ्या भाताचा डोंगर आणि केळीच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे लेम्पर विद्यापीठाच्या पायऱ्या चढले.

परीक्षेच्या खोलीचं दार उघडलं. टेबलामागे पाक हर्जुनोंसह तीन परीक्षक ओळीने, ठेवणीतले चेहरे करून बसलेले. मागे पडदा, समोर फुलदाणी. लग्नात असे ओळीने बसलेले यजमान गल्लीने जन्मभर पाहिले होते. कोणी काही सांगायची गरज पडली नाही. रांग लागली, आणि एकेक जण पुढे होऊन परीक्षकांचे हात हातात घेऊ लागला. पहिल्या पाहुण्याला पाक हर्जुनोंनी डोळे वटारले, दुसऱ्याला ते उभे राहिले, आणि तिसऱ्यापासून सवयीने प्रत्येकाला "आलात, आनंद झाला" म्हणू लागले. वेनिंगला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

गल्लीतली सगळ्यांत म्हातारी म्हणजे म्बाह पोनिरा, सगळ्यांची आजी. ती समोर आल्यावर पाक हर्जुनो भानावर आले. "म्बाह, तुम्हाला इथे कोणी बोलावलं?"

"पोरीने. लिहिलंय ना, आलात तर आनंद. गुडघे दुखतात म्हणून मी घरी बसले असते, तर तिला तेवढा कमी नसता पडला?"

वेनिंगने धीर केला.

"पाक, वाक्य एकच आहे, खरंय. पण येणारं माणूस दर वेळी वेगळं असतं. आणि आत्ता तुम्हीही प्रत्येकाला तेच म्हणालात. मनापासून नव्हतं का?"

पाक हर्जुनोंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाकीच्या दोन परीक्षकांची तोंडं लेम्परने भरलेली असल्यामुळे त्यांची हरकत नव्हती.

"ते प्रकरण परत घाल," ते म्हणाले. "पास झालीस."

वेनिंगच्या आईला तिथेच रडू फुटलं.

निघताना पाक हर्जुनोंनी बॅगेतून एक पत्रिका काढून वेनिंगला दिली. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. म्बाहने ती मध्येच घेतली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचली आणि गल्लीकडे वळून जाहीर केलं, "आपल्याला बोलावलंय."

आचाऱ्याला सांगितलेली मोजकी पानं पाक हर्जुनोंच्या डोळ्यांसमोर आली.

"आमच्यातल्या कोणी कोणी यायचं, पाक?" वेनिंगच्या आईने अदबीने विचारलं.

त्यांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा वेनिंगकडे.

"सगळेच या," ते म्हणाले. "कोणालाही वगळू नका."