वेलची केळ्याएवढं पिस्तूल

आमच्या शेजारचे गजाभाऊ चुरी कंबरेला अर्ध्या किलोचं वजन खोचून फिरतात. वजन म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूतलं, लोखंडी. सकाळी आंघोळ झाली की ते लेंग्याच्या नाडीत उजव्या बाजूला खोचायचं, वरून सैल सदरा सोडायचा आणि मगच चहाला बसायचं. मी निर्मळला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कुंपणापलीकडून हाक मारली, सदरा वर केला, खाली सोडला आणि विचारलं, "मास्तर, खरं सांगा. आता दिसते काय?"

मी मनवेलपाड्याच्या चाळीत पंधरा वर्षं काढलेला माणूस. तिथे शेजारी सदरा वर करून काही दाखवायला लागला तर ते ऑपरेशनचे टाके असतात. मी आपला काळजीने विचारून बसलो, "फार दुखतं का?"

"दुखते कशाला? सवय करतोय. पिस्तूल यायचंय."

मी शाळेत गणित शिकवतो. पिस्तुलाशी माझा संबंध फटाक्यांच्या टिकल्यांपलीकडे कधी गेला नाही. पण भाऊंनी मला तिथेच, कुंपणाला टेकून, स्वसंरक्षणाचं पिस्तूल कसं निवडावं याचा पहिला धडा दिला. ते छोटं पाहिजे, हलकं पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "कळलं नाय पायजे." हे त्यांचं ब्रीदवाक्य. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ते काकींना म्हणतात, "हाय ते ठीक हाय, पण कळलं नाय पायजे."

मुलीला स्थळ बघताना लोक जेवढी चिकित्सा करतात, त्याहून जास्त चिकित्सा भाऊ तीन वर्षं करत होते. परवाना नव्हता, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. आयुष्य केळीच्या वाडीत गेल्यामुळे त्यांनी जगातल्या सगळ्या हत्यारांची विभागणीही केळ्यांतच करून टाकली होती. "रिव्हॉल्व्हर म्हणजे आपली राजेळी. भरदार, भरवशाची, कधी अडकणार नाय. पण कंबरेला खोचली की पोट आल्यासारखं दिसते. बसराई म्हणजे पोलिसांचं मोठं पिस्तूल. त्यांना पट्टा असतो, त्यांचं चालते. आपल्याला वेलची पायजे, मास्तर. मुठीत मावली पायजे."

आणि मग ते वाडीत उभे राहून कंबरेतून वेलचीचं कच्चं केळं उपसायचा सराव करायचे. डाव्या हाताने सदरा वर, उजव्याने केळं बाहेर, आणि समोरच्या केळीच्या झाडाला, "हात वर!" मी मोबाइलवर सेकंद मोजायला. पहिल्या दिवशी चार लागले. भाऊ खट्टू झाले. "चोर चार सेकंद थांबते काय?" दोष सदऱ्याच्या बटणांचा निघाला. त्यांनी शिंप्याकडून बटणं काढून आत चिकटपट्टी लावून घेतली. वेळ दोन सेकंदांवर आली, पण सदरा उघडताना असा खर्रकन आवाज यायचा की केळीवरचे कावळे उडायचे. "हे कळते," असं म्हणून त्यांनी बटणं परत लावली.

बोळिंजला त्यांच्या भाच्याची हळद होती. भाऊंना नाचायचा भारी सोस. नाचता नाचता नाडी सैल झाली आणि वजन लेंग्यातून सुटून थेट पायाच्या अंगठ्यावर आलं. बेंजोची वाजंत्री थांबली. सगळं वऱ्हाड त्या वजनाकडे बघायला लागलं. भाऊंनी ते शांतपणे उचललं, "जाताना दोडके घ्यायचेत," एवढंच म्हणाले आणि लंगडत खुर्चीवर जाऊन बसले. आठ दिवस अंगठा सुजलेला होता. पण मला म्हणाले, "बरं झालं. भरलेलं असतं म्हणजे?"

या सगळ्या प्रकारात काकी, म्हणजे सुमनकाकी, कधी पडल्या नाहीत. त्या ओट्यावर बसून मोगऱ्याचे गजरे करायच्या आणि आमची कवायत बघून हसायच्या. देवळात फुलं द्यायची त्यांची जुनी रीत होती, पण टोपली भाऊ एकटेच स्कूटरवर घेऊन जायचे. काकी फाटकाबाहेर पडत नसत. गुडघे दुखतात, असं भाऊ सांगायचे. मात्र वाडीत शेळी शिरली की त्या आम्हां दोघांच्या आधी तिच्यापाशी पोचलेल्या असायच्या.

एकदा भाऊ मला मुंबईतल्या एका हत्यारांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हातारा, सज्जन. त्याने पहिल्यांदा परवाना मागितला.

"येतोय," भाऊ म्हणाले.

"मग आल्यावर या, काका."

भाऊंनी पिशवीतून वेलचीचं केळं काढून काउंटरवर ठेवलं. "निदान सांगा तरी, या मापात काय हाय?"

दुकानदाराने केळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बहुधा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून, खुर्ची दिली. काचेआडूनच दोन-तीन छोटी पिस्तुलं दाखवली. म्हणाला, "काका, लोकांना वाटतं छोटं म्हणजे सोपं. उलट आहे. वस्तू जेवढी छोटी, तेवढा हाताला झटका जास्त. रोज सराव पाहिजे. आणि एक गोष्ट, हात कापत असेल तर हे घेऊच नका."

भाऊंनी केळं परत पिशवीत टाकलं आणि उठले. येताना वाटेत पाणीसुद्धा प्यायले नाहीत. निर्मळच्या तळ्यापाशी आल्यावर त्यांनी स्कूटर थांबवली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

तीन वर्षांपूर्वी ते आणि काकी याच स्कूटरवरून देवळात निघाले होते. मागून मोटारसायकलवर दोघं आले आणि काकींच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून गेले. काकी रस्त्यावर पडल्या. हात मोडला. "मी स्कूटर उभी केली, मास्तर, आणि हँडल धरून बसून राहिलो. उतरलो पन नाय. तिला उचललं ते रस्त्यावरच्या लोकांनी. तवापासून ती बाहेर पडत नाय. पिस्तूल आलं की तिला सांगणार, आता चल."

इतके दिवस मी या माणसाला हसत होतो. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

अर्ज लिहायचं काम अर्थातच मास्तरांकडे, म्हणजे माझ्याकडे. पहिल्या अर्जात भाऊंनी माझ्या हातून कारण लिहवून घेतलं होतं, 'बागेतील केळी वटवाघळे खातात.' तो अर्ज परत आला. पीक वाचवायला कंबरेत लपवायचं पिस्तूल कशाला लागतं, असं तिथल्या साहेबांनी विचारलं म्हणे, आणि ते काही चूक नव्हतं. दुसऱ्या अर्जात 'स्वसंरक्षण' लिहिलं. पुढचा रकाना होता, धोका कोणापासून आणि कशामुळे. आता मला खरं कारण ठाऊक होतं, मी पेन टेकवलं. भाऊंनी माझा हात धरला.

"ते रिकामं ठेवा. मी बसून राहिलो, हे सरकारी कागदावर लिवू? उद्या तिने वाचलं म्हणजे?"

तो रकाना भरायला शेवटी एक हवालदार घरी आले. तरुण, गोड बोलणारे. ओट्यावर बसले, चहा घेतला, सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, खाल्ली. साक्षीला मी होतोच. मग त्यांनी कागद मांडीवर घेतला. "बोला भाऊ, धोका कोणापासून? भावकीत वाद? जमिनीचं काही? काहीतरी लिहावं लागेल, नाहीतर साहेब फाइल पुढे पाठवणारच नाहीत."

भाऊ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मी बोलू का नको अशा विचारात होतो, तेवढ्यात दारातून काकी बोलल्या.

"लिवा, धोका काय नाय."

"सुमन, तू आत जा," भाऊ म्हणाले.

"नाय जात. तीन वर्षं आतच हाय." काकी हातातला अर्धा गजरा तसाच घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. "साहेब, यांना वाटते मी चोरांना घाबरून बाहेर पडत नाय. चोर आले नि गेले. हात बरा झाल्यावर हे मना परत स्कूटरवर घेऊन निघाले. यांचे हात असे कापत होते की हँडल हलत होता. मना मागून दिसत होतं सगळं. तोंडाने आपलं बोलतायत, गप्पा मारतायत, आणि हात कापतायत. मी म्हटलं, उतरवा मना, गुडघे दुखतात. तवापासून माझे गुडघेच दुखतात."

हवालदारांनी चहाचा रिकामा कप परत तोंडाला लावला.

"मना बंदूक नको," काकी म्हणाल्या. "मी मागे बसले की यांना ते सगळं आठवते, म्हणून मी बसत नाय. बाकी काय नाय."

भाऊंनी मान वर केली. या माणसाने तीन वर्षं बायकोपासून जी भीती लपवली होती, ती तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आणि तिने ठाऊक असल्याचं लपवलं होतं. मी उगाचच कुंपणाकडे बघत राहिलो.

"भाऊ, मग काय लिहू?" हवालदारांनी हळूच विचारलं.

"लिवा, अर्जदार घरी भेटला नाय."

"अहो, समोर बसलात की!"

"आता निघालो ना." भाऊ उठले, चपला घातल्या आणि काकींसमोर जाऊन उभे राहिले. "गुडघे कसे हायेत?"

"बरे हायेत."

"देवळात जाऊ? स्कूटर नको. चालत."

काकींनी गजरा पूर्ण केला, गाठ मारली, टोपलीत ठेवला आणि उठल्या. हवालदारांनी पेनाला टोपण लावलं. आम्ही दोघं ओट्यावर बसून बघत राहिलो. फाटक उघडून ती दोघं रस्त्याला लागली, टोपली काकींच्या कडेवर. आमच्याकडे त्या पिढीतली नवरा-बायको रस्त्यात दोन पावलांचं अंतर ठेवून चालतात. समोरून एक मोटारसायकल आली, तसा भाऊंचा हात कापायला लागला. ओट्यावरूनसुद्धा दिसत होतं. काकींनी टोपली दुसऱ्या कडेवर घेतली आणि भरदिवसा, सगळ्या निर्मळदेखत, तो हात धरला. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.