पोपटाच्या पाठीचा हिरवा

रविवारी दुपारी बायकोची थोरली बहीण चहाला येणार होती आणि बैठकीची भिंत अजून पांढरीफटक होती. गेल्या वेळी ताई त्याच भिंतीकडे बघून म्हणाल्या होत्या, "जगाच्या भिंतींना रंग देता भाऊजी, आणि स्वतःच्या घराचा दवाखाना!" रंगाच्या दुकानात सव्वीस वर्षं नुसत्या नजरेनं रंग जुळवून देणाऱ्या आणि म्हणूनच 'रंगमास्तर' म्हटल्या जाणाऱ्या माणसाला हे फार लागलं होतं.

"कोणता हवा ते सांग," मास्तर बायकोला म्हणाले. "चुटकीसरशी जुळवून आणतो."

बायकोनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. "त्याच्या पाठीचा."

समोरच्या झाडाच्या ढोलीत पोपटांचं जोडपं राहायला आलं होतं. नराचं डोकं लालसर जांभळं, गळ्याला काळी रेघ, खांद्यावर लाल ठिपका आणि निळ्या शेपटीचं टोक पांढरं. करड्या डोक्याची मादी अंड्यांवर बसलेली असायची. नर आला की ती ढोलीतून मान बाहेर काढायची आणि तो चोचीत चोच घालून तिला भरवायचा.

"बघून ठेवा जरा," बायको म्हणाली.

"मी फक्त पाठ बघतोय," मास्तर म्हणाले.

पण ती पाठ काही केल्या एका रंगावर टिकेना. सकाळी पिवळसर दिसलेला हिरवा त्यांनी जुळवून आणला, तोवर दुपार झाली आणि पोपट गर्द झाला. गर्द जुळवला तर ढग आले. शनिवार सकाळपर्यंत घरात अकरा हिरवे जमले आणि दुकानाचा मालक विचारू लागला, "मास्तर, गिऱ्हाईक कोण आहे हो? फारच चिकित्सक दिसतंय!"

मास्तरांच्या धंद्यात एक पक्का नियम होता. नमुन्यावर रंगाचा ठिपका ठेवायचा आणि ठिपका दिसेनासा झाला की रंग जुळला. आता पोपटावर ठिपका कसा ठेवणार? त्यांनी अकरा पुठ्ठे रंगवले, मागे आकडे घातले आणि कपडे वाळत घालायच्या काठीनं ढोलीजवळच्या फांदीवर दोऱ्यानं टांगले.

"अहो, शेजारी बघतायत!"

"बघू देत. काम चाललंय."

पोपट आला. त्यानं मान वाकडी करून एकेक पुठ्ठा न्याहाळला आणि एकेक दोरा कचकन कातरला. इतका सफाईदार कारागीर मास्तरांनी दुकानातही पाहिला नव्हता. ते खाली धावले. झाडाखाली दहा पुठ्ठे सापडले. सात नंबरचा ना खाली होता, ना फांदीवर.

"दिसेनासा झाला!" मास्तर ओरडले. "अगं, सात नंबर जुळला! झाडात मिसळून गेला!"

संध्याकाळपर्यंत भिंत सात नंबरच्या हिरव्यानं रंगून झाली.

रविवारी ताई आल्या. भिंतीकडे त्यांची नजर जाणार, तेवढ्यात नर फांदीवर उतरला. "अगंबाई!" म्हणत ताईंनी खुर्ची ओढली आणि भिंतीकडे पाठ करून खिडकीत ठाण मांडलं. चहा तिथेच गेला आणि तिथेच निवला. नरानं मादीला भरवलं तेव्हा ताईंनी बहिणीचा हात धरला. मग मादीनं ढोलीतून काहीतरी बाहेर ढकललं. घर आवरताना आपण अडगळ काढतो तसं. ते गिरक्या घेत खिडकीच्या कट्ट्यावर पडलं.

कडा कुरतडलेला सात नंबर. हलकेच पाय टाकत जाऊन मास्तरांनी तो उचलला आणि एक डोळा मिटून पोपटाशेजारी धरला. पुठ्ठ्याचा रंग सरळ सरळ शेवाळाचा होता आणि पोपटाच्या पाठीवर ऊन नुसतं नाचत होतं. मास्तरांनी पुठ्ठा गुपचूप खिशात घातला.

निघताना ताई वळल्या आणि एकदाची त्यांना भिंत दिसली.

"अय्या, रंग दिलात वाटतं! छान आहे हो. पण भाऊजी, त्या पोपटाचा हिरवा द्यायचात ना! तुम्हाला काय, चुटकीसरशी जुळला असता."

बायकोनं चटकन मास्तरांकडे पाहिलं.

"नाही जुळत, ताई," मास्तर म्हणाले. सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं आणि त्याचं त्यांना मुळीच वाईट वाटलं नव्हतं.

बायको ताईंना सोडायला खाली गेली. परत आली तेव्हा मास्तर ताईंच्या खुर्चीत, भिंतीकडे पाठ करून बसले होते.

"हळू बोल," ते म्हणाले. "भरवतोय तिला."