एका जिन्याची बोट

बोटीच्या खालच्या दालनातून वर यायला दोन जिने असलेच पाहिजेत, असा जुना नियम होता. नव्या नियमाने एक पळवाट ठेवली होती: धोका वाढत नाही हे गणिताने सिद्ध करा आणि हवं ते करा. मालकाला दुसऱ्या जिन्याच्या जागी चाळीस खुर्च्या हव्या होत्या. अभियंत्याने सहा महिने खपून गणित मांडलं. आग लागली तरी दालन आठ मिनिटांत रिकामं होणार.

"कागदावर झकास आहे," तपासनीस म्हणाले. "आता माणसं चालवून दाखवा."

धक्क्याला एक तशीच बोट बांधलेली होती. तिचा दुसरा जिना दोरी लावून बंद केला. साठ माणसं हवी होती, म्हणून अभियंत्याच्या साहेबांनी फर्मान काढलं, की कचेरीतल्या प्रत्येकाने घरचं कुणीतरी आणावं. अभियंत्याची बायको माहेरी गेलेली. तो वडिलांना घेऊन आला.

भोंगा वाजला. वडील उत्साहाने सगळ्यांच्या आधी जिन्याला लागले आणि सातव्या पायरीवर त्यांचा गुडघा धरला.

"जरा दम खातो हं," ते मागे वळून म्हणाले.

"खा काका, सावकाश," मागच्या टायपिस्टबाई म्हणाल्या. त्यांच्यामागे अठ्ठावन्न माणसं मुकाट उभी राहिली. म्हाताऱ्या माणसाला ढकलणार कोण? कुणीतरी पाण्याची बाटली पुढे सरकवली. दालन रिकामं व्हायला चौदा मिनिटं लागली.

साहेब लालबुंद झाले. "हे गृहस्थ कुणाचे?"

अभियंता फायलीत काहीतरी शोधू लागला.

वडिलांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. "कुणाचा नाही. गर्दी दिसली म्हणून शिरलो."

"बघा!" साहेब तपासनिसांना म्हणाले. "बाहेरचा माणूस! चाचणीच रद्द."

वडिलांना धक्क्यावरच्या बाकावर बसवलं आणि त्यांच्या जागी पहारेकऱ्याला घेतलं. दुसऱ्यांदा दालन साडेसात मिनिटांत रिकामं झालं. तपासनिसांनी सही करता करता विचारलं, "पण खऱ्या प्रवासात असे आजोबा आले तर?"

"अपवादात्मक घटक," अभियंता म्हणाला. शब्द गणितातलाच होता, त्यामुळे तोंडातून सहज निघाला. तपासनिसांनी तो लिहूनही घेतला. साहेबांनी पाठ थोपटली, बढतीचंही सुचवलं.

दोघं घरी निघाले.  टायपिस्टबाई फार चांगल्या आहेत, एवढंच वडील वाटेत म्हणाले.

"बाबा, तिथे तसं..."

"पास झाली ना बोट?"

"झाली."

"मग झालं तर."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्याच वळणावर वडील कठड्याला धरून थांबले.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी येतो मागून."

जिना अरुंद होता. त्यांना ओलांडून जायला वाट नव्हती. अभियंता एक पायरी खाली तसाच उभा राहिला.