सेन्याच्या रायफलीची चाचणी

बायको, डॉक्टर आणि देव या तीन गोष्टी ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर निवडाव्यात, असं हेल्मी लेक गावात मानतात. पोराची हरणाची पहिली रायफल मात्र एकट्या बापावर सोपवण्याइतकं ते गाव बेजबाबदार नाही. बायको निवडताना चूक झाली तर एका माणसाचं नुकसान होतं (फार तर दोघांचं). रायफल निवडताना चूक झाली तर अख्ख्या कॅम्पची अब्रू जाते, आणि अब्रू ही सामुदायिक मालमत्ता आहे.

कॅम्प म्हणजे कोस्केला मंडळींचं जंगलातलं लाकडी खोपट. त्याला एक चूल, शेजारी साउना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, आणि मागे बऱ्याच अंतरावर संडास. पंधरा नोव्हेंबरला हरणाचा हंगाम उघडतो. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, कारण मास्तरच जागेवर नसतात. मरायला टेकलेली माणसंसुद्धा शक्यतो तो आठवडा काढतात, कारण खांदा द्यायला गावात कुणी सापडत नाही. इतकी सोशिक आणि समंजस माणसं अमेरिकेत या अप्पर मिशिगनबाहेर कुठे असतील असं वाटत नाही.

वेंडेल कोस्केलाची मुलगी सेन्या यंदा बारा वर्षांची झाली. शिकारीच्या सुरक्षिततेचा सरकारी वर्ग ती पहिल्या नंबराने पास झाली, शिकाऱ्यांची नारिंगी टोपी स्वतः निवडून आणली, आणि ऑगस्टपासून रोज जेवताना तिचा एकच धोशा, "बाबा, माझी रायफल कधी?"

वेंडेलला एवढंच हवं होतं की पोरीने पहिली गोळी झाडावी आणि तिला दुसरी झाडावीशी वाटावी. याला कारण होतं. तो स्वतः बारा वर्षांचा असताना त्याच्या थोरल्या भावाने, आर्विडने, आपली थर्टी-ऑट-सिक्स रायफल त्याच्या हातात दिली होती. ती तोफ त्या घरात 'मोठी' या नावाने ओळखली जाते. त्या दिवशी वेंडेलचा खांदा जो जांभळा झाला तो नाताळपर्यंत. तेव्हापासून चाप ओढायची वेळ आली की त्याचे डोळे आपोआप मिटतात. तीस-बत्तीस वर्षं तो गृहस्थ शिकार ऐकून करत आला आहे. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. (लोर्नाला माहीत होतं. तिला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. संसार याच पायावर उभे असतात.)

म्हणून त्याच्या मनात टू-फॉर्टी-थ्री होती. गोळी लहान, धक्का अगदी कमी, आणि हरणाला फरक कळत नाही.

निवड समितीची बैठक वेंडेलच्याच स्वयंपाकघरात भरली. अध्यक्षपदी आर्विड, वयाने आणि वजनाने. सदस्य रोल्फ, म्हणजे आर्विडचा मेहुणा. त्याची पात्रता अशी की कॉफीबरोबरचा वेलदोड्याचा पाव तो आणतो. जिच्यासाठी रायफल घ्यायची ती सेन्या जिन्यात बसली होती, कारण बैठक मोठ्यांची होती.

"टू-फॉर्टी-थ्री?" आर्विडने कप खाली ठेवला. "अरे, ती पोरीबाळींची बंदूक!"

"दादा, सेन्या पोरगीच आहे."

"म्हणूनच! लोक काय म्हणतील? पोरगी म्हणून पोरींची दिली!"

"आणि बघ, बूट आपण एक नंबर मोठाच घेतो," रोल्फ म्हणाला. "वाढत्या अंगाचं पोर आहे. घे मोठी, होईल सवय."

"बूट खांद्यात लाथ घालत नाही, रोल्फ," सिंकपाशी पाठमोरी उभी असलेली लोर्ना म्हणाली.

हे म्हणणं विषयाला सोडून असल्यामुळे विचारात घेतलं गेलं नाही. त्यानंतर समितीने पहिल्या रायफलीसाठी किमान निकष ठरवले. तिने हरीण पाडावं, हे झालंच. पण अस्वल अंगावर आलं तर तेही पाडावं. (हेल्मी लेकमध्ये अस्वल अंगावर आल्याची शेवटची घटना आर्विडच्या आजोबांच्या गोष्टीत घडली, आणि त्या गोष्टीतलं अस्वल दर हिवाळ्यात थोडं वाढतं.) मूस, म्हणजे घोड्याएवढं हरीण, तोही पाडता यावा. त्याची शिकार त्या भागात कायद्याने बंद आहे, पण कायदा काय, उद्या बदलेल. शिवाय झाडामागे उभं असलेलं हरीण झाडासकट मिळावं, अशी रोल्फची सूचना होती. या सर्व निकषांत बसणारी रायफल एकच निघाली, ती म्हणजे 'मोठी'. आणि ती आर्विडकडे तयारच होती. काय योगायोग पाहा!

वेंडेल "हो दादा" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी डेल्बर्टच्या दुकानातून गुपचूप टू-फॉर्टी-थ्री घेऊन आला. त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं धाडस. पण भावाला फोनवर सांगताना त्याची जीभ कचरली आणि तो म्हणून गेला, "आणलीय, पण फक्त चाचणीपुरती."

तिथेच घात झाला. चाचणी म्हटली की समिती आली.

चाचणी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत झाली. उतारावर शंभर पावलांवर कागदी ताटल्या ठोकल्या. सेन्याने कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवल्या, हात चोळले आणि पुढे झाली.

"थांब गं बाय," आर्विड म्हणाला. "नवीन हत्यार आहे. आधी मोठ्या माणसाने झाडायचं. तुला काही झालं तर तुझ्या आईला तोंड कोण दाखवणार?"

असं म्हणून तो बंदूक घेऊन टेकला आणि त्याने चाप ओढला. फट्. खांद्याला नुसतं कुणी 'अहो' म्हणून हात लावावा तेवढंच. ताटलीच्या बरोबर मधोमध भोक पडलं होतं. आर्विडने दुसरी झाडली, तिसरी झाडली. तिन्ही भोकं एका पेल्याखाली झाकली असती. गेल्या चाळीस वर्षांत आर्विडच्या गोळ्यांची एकमेकींशी एवढी जवळीक कुणी पाहिली नव्हती. तो बराच वेळ दुर्बिणीतून ताटलीकडे बघत राहिला. त्याचे डोळे पाणावले होते. थंडी होतीच म्हणा.

"हिची अजून चाचणी घ्यावी लागेल," तो शेवटी म्हणाला.

मग रोल्फने घेतली. मग पुन्हा आर्विडने. पुढच्या शनिवारी, त्याच्या पुढच्या शनिवारीही चाचणी झाली, आणि प्रत्येक वेळी समितीला काहीतरी गंभीर दोष आढळला. धक्का फारच कमी, त्यामुळे माणूस गाफील राहतो. आवाज सौम्य, त्यामुळे शेजारच्या कॅम्पला आपण जागे आहोत हे कळत नाही. नेम अतिशय अचूक, त्यामुळे हरणाला संधी मिळत नाही, आणि हे खिलाडूपणात बसत नाही. एवढे दोष असलेलं हत्यार मुलीच्या हाती देणं योग्य नव्हतंच. सेन्याकडे रिकामी काडतुसं गोळा करण्याचं काम होतं. ते तिने चोख केलं. दोन कॉफीचे डबे भरले.

बातमी गावात पसरली. त्या महिन्यात डेल्बर्टने लहान मुलांसाठी म्हणून सतरा रायफली विकल्या. गावात त्या वयाची मुलं चार. एक रोल्फने घेतली. रोल्फ त्रेसष्ट वर्षांचा आहे आणि त्याला मूलबाळ नाही, पण माणसाने तयारीत असावं.

हंगामाला आठवडा राहिला तेव्हा सेन्या रडकुंडीला आली. "बाबा, मी एकदासुद्धा नाही झाडली! तुम्ही बोला ना काकांशी!"

"बोलतो," वेंडेल म्हणाला. त्याला खरंच बोलायचं होतं. पोटातून बोलायचं होतं.

शेवटच्या शनिवारी आर्विडने जाहीर केलं की आज तुलना होईल. म्हणजे 'मोठी'च्या तीन गोळ्या आणि मग निकाल. "सेन्या, भर पाहू. वर्गात शिकवलंय ना तुला?"

सेन्याला वर्गात बरंच शिकवलं होतं. तिथल्या बाई चाचणीच्या दिवशी खऱ्या काडतुसांत एक मेलेलं काडतूस मिसळून देत, दारू नसलेलं. बंदूक तपासायला खरं, आणि माणूस तपासायला मेलेलं, असं त्या सांगत. पोरगी प्रामाणिक. चाचणी म्हणजे चाचणी. वर्गातून मिळालेलं, 'मोठी'च्याच मापाचं मेलेलं काडतूस तिच्या खिशात होतं. ते तिने दोन खऱ्यांत मिसळून भरलं आणि बंदूक नीट, नळी ताटलीकडे ठेवून, काकांना दिली.

आर्विडने नेम धरला. त्याने चाप ओढला.

टक्.

आवाज एवढाच झाला. पण आर्विडच्या बाबतीत पुढचं सगळं यथासांग पार पडलं. डोळे गच्च मिटले, दात आवळले, खांदा मागे गेला, नळी वीतभर उजवीकडे उडी मारून परत आली, आणि जो धक्का बसलाच नव्हता त्याने कळवळून आर्विड कोस्केला, वय एकसष्ट, कॅम्पचे प्रमुख, ओरडले, "आई गंऽऽ!"

रोल्फ एकदम वळला आणि एका कावळ्याचा अभ्यास करू लागला. वेंडेलला लख्ख कळलं. दादासुद्धा! म्हणजे त्या बंदुकीने आधी दादालाच भेदरवलं होतं आणि मग दादाने ती त्याच्या हातात दिली होती. त्याला भावाची कीव आली, राग आला, आणि मिठी मारावीशीही वाटली. यातलं काहीच त्याने केलं नाही.

"घाबरू नका काका," सेन्या अगदी मनापासून म्हणाली. "वर्गात पहिल्या दिवशी माझंही असंच झालं होतं."

त्या संध्याकाळी साउनात समितीची तातडीची सभा भरली. साउनात सगळे उघडे असतात, त्यामुळे तिथे खोटं बोलता येत नाही, अशी त्या लोकांची जुनी श्रद्धा आहे. ठराव तिथेच झाले. मेलेलं काडतूस हा अत्यंत धोकादायक प्रकार असून तो कॅम्पच्या हद्दीत बंद करण्यात येत आहे. सदर टू-फॉर्टी-थ्री लहान मुलाच्या हाती देण्याइतकी अजून रुळलेली नाही, सबब पहिला हंगाम ती आर्विड रुळवतील. आणि मुलीची निराशा होऊ नये म्हणून काकांनी मोठ्या मनाने आपली 'मोठी' तिला द्यावी.

"चालेल ना रे, वेंडेल?" आर्विडने विचारलं. त्याने भावाकडे पाहिलं नाही.

वेंडेलने तोंड उघडलं. रोल्फने दगडांवर पाण्याचा तांब्या ओतला, वाफ उसळली, आणि वेंडेलने तोंड मिटलं. उघड्या तोंडी वाफ गिळू नये, हे आरोग्याच्या दृष्टीने बरोबरच आहे.

पंधरा तारखेला उजाडताना सेन्या बापाशेजारी आडोशाला बसली होती, मांडीवर तिच्याएवढी बंदूक घेऊन. हरीण आलं. आठ फाट्यांच्या शिंगांचं, सत्तर पावलांवर, आडवं, आणि ते उभं राहिलं. सेन्याने सगळं वर्गात शिकवल्यासारखं केलं. श्वास घेतला, अर्धा सोडला. मग डोंगर कोसळल्यासारखा आवाज झाला आणि ती मागे बापाच्या अंगावर पडली. हरीण चालत निघून गेलं. बंदुकीचा दस्ता आपटून तिच्या ओठातून रक्त येत होतं. ती रडली नाही, आणि ते बघून वेंडेललाच रडू आलं.

(त्याच सकाळी आर्विडने टू-फॉर्टी-थ्रीने एका गोळीत हरीण पाडलं. गावात सांगताना तो बंदुकीचं नाव सांगत नाही.)

ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याची मागची शेपूट, म्हणजे लोंबतं टोक, कापून कॅम्पच्या भिंतीवर ठोकायची, आणि त्याने उभं राहून कारण सांगायचं, अशी तिथली रीत आहे. ते कारण शेपटीवर लिहितात. भिंतीवर तीन पिढ्यांच्या शेपट्या आहेत. कारणांची वर्गवारी अशी : वारा, निम्म्याहून अधिक; मध्ये आलेली फांदी, एक चतुर्थांश; बंदुकीवरची दुर्बीण ट्रकमध्ये हलली, काही; हरीण भित्रं होतं, एक. बंदूक झाडणाऱ्याचा दोष आजवर एकदाही आढळलेला नाही. नेमबाजीत इतकं निष्कलंक घराणं विरळा.

सेन्याच्या चौकड्याच्या सदऱ्याची शेपूट कापली, टाळ्या झाल्या. "आता झालीस आमच्यातली!" म्हणून आर्विडने तिची पाठ थोपटली, आणि त्याला खरोखरच आनंद झाला होता.

"बोल, कारण बोल," रोल्फ पेन उघडून म्हणाला.

सेन्या सुजलेल्या ओठाने म्हणाली, "मी डोळे मिटले. मला बंदुकीची भीती वाटली."

रोल्फचं पेन हवेत राहिलं. असं कारण भिंतीवर नव्हतं.

"छे, छे," आर्विड म्हणाला. "वारा असणार. वेंडेल, तू होतास ना तिथे? सांग तिला."

सगळ्यांनी वेंडेलकडे पाहिलं. सेन्यानेही पाहिलं. बाहेर बर्फ पडत होतं, सरळ खाली, एकही कण इकडचा तिकडे न होता.

"वारा होता, पोरी," वेंडेल म्हणाला. "थोडा होता."

सेन्या खिडकीकडे बघत राहिली. रोल्फने लिहिलं, वारा.

आता तुम्ही म्हणाल, काय हा बाप! म्हणा. तुमच्या घरात बंदूक नाही, तुमचा काय संबंध. दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी तुमच्या बैठकीच्या खोलीतही कॉफी झाली होती, सायन्सशिवाय काही नाही असा ठराव पास झाला होता, आणि पोरीने शेवटी एकट्या तुमच्याकडे बघितलं होतं. तेव्हा तुम्ही चांगले खंबीरपणे म्हणालात, "काका सांगताहेत ते ऐक."